साहेबाला नाव नव्हते

पूर्णगडच्या शिवाने हातखंब्याला एका पक्षाच्या प्रचार कार्यालयात बॉम्ब ठेवला आणि दाराबाहेर वडे तळणारी यमुनाबाई मेली. हे त्यानेच केले. त्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. मला नीट लिहिताही येत नाही, पण गप्प बसवत नाही.

शिवा बाळा तांडेलाच्या होडीवर खलाशी होता. समुद्रात तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सांगेल ते करायचे, का म्हणून विचारायचे नाही. विचारत बसले तर जाळे जाते, कधी माणूसही जातो. शिवा यातच वाढला.

एका हंगामात मुंबईहून एक गृहस्थ आला. आपण गुप्त खात्याचे, म्हणाला. परक्या बोटी कुठे थांबतात, तेवढे शिवाने कळवायचे. तो बाळाच्या होडीतून फिरला, शिवाच्या आईच्या, शकूच्या हातचे सुरमईचे कालवण जेवला. सगळे त्याला साहेब म्हणत.

"काय रं, सरकारी जावई!" जेटीवरची पोरे शिवाला चिडवत. त्याला ते आवडायचे.

मग निवडणूक आली आणि साहेबाने त्याला एक पिशवी दिली.

"पिशवीत काय आहे ते ठाऊक होतं?" पुढे कोर्टात न्यायाधीशांनी शिवाला विचारले.

"होतं. पण फुटायच्या आधी आमची माणसं येतील, तिथल्या लोकांना बॉम्बसकट रंगेहाथ पकडतील, असं साहेब बोलले."

"आणि तू ठेवलीस?"

"साहेबांनी सांगितलं ना."

माणसे आलीच नाहीत, बॉम्ब फुटला. असा कोणी आमच्याकडे नोकरीला नाही, असे खात्याने कळवून टाकले.

शकू बाळाच्या दारात गेली. "भावजी, शिवाला सोडवा म्हणत नाय मी. त्यानं केलान ते केलान. पण तो सायब होता, एवढं तरी कोर्टात सांगा."

"वैनी, माजी होडी बंद पाडतील."

"माज्या चुलीपुढं जेवलान तो! तुमी बाजूला बसला होतात."

बाळा कोर्टात साक्षीला गेला. त्याला हिंमत लागली असणार.

"नाव काय त्या माणसाचं?" सरकारी वकिलांनी विचारले.

"साहेब."

"आडनाव?"

बाळाने पुन्हा 'साहेब'च सांगितले. कोर्टात लोक हसले. हसण्यासारखे काय होते त्यात? साहेबाला कोणी नाव विचारते? तांडेलाला कोणी कारण विचारते?

शिवाला जन्मठेप झाली, ती योग्यच झाली. पण निकालात साहेबाला 'आरोपीने रचलेली काल्पनिक व्यक्ती' म्हटले आहे. काल्पनिक माणूस दुसऱ्यांदा भात मागून घेतो? काल्पनिक माणूस पिशवी आणून देतो?

शेवटी शकू यमुनाबाईच्या मुलीकडे, शमिकाकडे गेली. "माजा पोर आत हाय. दुसरा मोकळा फिरतोय. आपण दोघी मिळून वरच्या कोर्टात जाऊ गो."

शमिकाने दार लावून घेतले. तिला दोष कसा देऊ? कोर्टाने तिलाही एकच गुन्हेगार दाखवला होता.