फाटकाबाहेर न जाण्याचा नेम

आमच्या सासूबाईंनी मुनिमहाराजांसमोर हात जोडून नेम घेतला, यापुढं घराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकणार नाही. अख्खी गल्ली कौतुकाला लोटली. "लय मोठं वैराग्य गं बाई!" मी सगळ्यांना पाणी देत होते आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. कसलं वैराग्य आणि कसलं काय! बाई रस्त्याला भ्याली होती.

सांगलीतल्या आमच्या घरापासून जैन मंदिर हाकेच्या अंतरावर. सासूबाई रोज सकाळी अनवाणी जायच्या, हातात तांदळाची डबी. मग रस्ता रुंद झाला. फूटपाथ केला तो गुडघ्याएवढा उंच, वर गुळगुळीत फरशी, मधेच विजेचा डीपी, पुढं दुचाक्यांची रांग. खाली उतरावं तर उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या. एकदा ट्रॉलीबाहेर आलेल्या उसात पदर अडकला आणि त्या रस्त्यातच पडल्या. हाडं शाबूत राहिली, पण धीर गेला तो गेलाच. रोज आवरून फाटकापर्यंत यायच्या आणि माघारी वळायच्या.

महाराज आले तेव्हा मात्र बघावं! मुनी अनवाणी येणार म्हणून रातोरात गाड्या हलल्या, खडा न् खडा झाडला. त्या दिवशी सासूबाई त्यांच्या मागनं मंदिरात गेल्या आणि तिथंच नेम मागून घेतला. संध्याकाळी गाड्या परत जागेवर! चालणाऱ्या पायांवर डोकं ठेवतात आणि चालायच्या जागेवर गाड्या लावतात. लाज कशी वाटत नाही मेल्यांना?

परवा रस्त्याच्या पाहणीला दोन मुली आल्या. फूटपाथला टेप लावली, येणारी-जाणारी माणसं मोजली. म्हटलं, "काय निघालं?"

"फूटपाथ चांगला रुंद आहे, काकू. म्हातारी माणसं इथनं चालतच नाहीत, त्यामुळं उतार करायची गरज दिसत नाही."

माझं डोकंच सणकलं. "आत या! दावते तुमास्नी म्हातारं माणूस!"

सासूबाई सोप्यात जप करत बसल्या होत्या. "आवाज कशाला चढवतीस? त्यास्नी सांग, माझा नेम हाय."

"न्हाई सांगणार, आत्ती! तुमी भ्यालाय, हेच सांगणार."

त्यांनी माळ खाली ठेवली. परक्या पोरींदेखत त्यांचे डोळे भरून आले.

"व्हय गं," म्हणाल्या, "भ्यालेच मी. मला बी जायचंय मंदिरात."