दुधाचं बोललेच नाही

चाकणजवळच्या एका प्रसूतिगृहात मी नर्स आहे. जीभ तिखट, त्यामुळे बायका मला घाबरतात आणि माझं ऐकतात. बाळ गेलेल्या बाईसाठी मात्र माझं एक गोड वाक्य ठरलेलं होतं, "रडू नकोस, वय लहान आहे. पुढच्या वर्षी पेढे घेऊन ये." ते इतक्या जणींना म्हटलं होतं की म्हणताना त्यांच्या तोंडाकडे पाहायचंही मी सोडून दिलं होतं.

ती नांदेडकडची पोर. कुरुळीत खोली घेऊन राहायची, नवरा-बायको दोघंही कंपनीत कंत्राटावर. आठव्या महिन्यात पोटातच बाळाचे ठोके थांबले. ती मोकळी झाली तेव्हा सासूने मला बजावलं, "तिला दावू नका, जिवाला लावून घेईल." मलाही पटलं. बाळ दुपट्यात गुंडाळून मी परस्पर घरच्यांच्या हातात दिलं. घरी सोडताना तिला टाके, गोळ्या, आराम, सगळं समजावलं. दुधाचं काही बोलले नाही. उगाच तिला त्रास कशाला, असं स्वतःला सांगितलं. खरं तर तो विषय काढणं मलाच जड जात होतं.

चौथ्या दिवशी सकाळी, ओपीडीच्या ऐन गर्दीत ती एकटीच आली. गोळ्या आणायला जाते असं घरी सांगून, शेअर रिक्षाने. छातीशी ओढणी घट्ट धरलेली, कुर्ता भिजलेला आणि चेहऱ्यावर चक्क हसू. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "सिस्टर, पहाटेपासून दूध येतंय. म्हणजे माझं लेकरू जित्तं हाय ना? मी तर त्याला बघितलंच न्हाई."

स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

तिला ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं. बाळ गेलं तरी दूध येतं, चार-आठ दिवसांत ओसरतं, हे एकेक शब्द करून सांगितलं. "मी हे आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे." हसू गेलं तसं तिच्या तोंडाकडे बघवेना, तरी मी बघत राहिले. छातीवर ठेवायला गार पाण्याच्या घड्या दिल्या. तिने एक घडी छातीशी धरली. मग म्हणाली, "तुमी बघितलं का?"

"हो."

ते पेढ्यांचं वाक्य सवयीने जिभेवर आलं. मी ते गिळलं.

"मुलगी होती. डोक्यावर दाट केस. हनुवटीला खळी, तुझ्यासारखी."

तिने स्वतःच्या हनुवटीला हात लावला. "माझ्या आईलाबी हाय," म्हणाली, आणि मोठ्याने रडायला लागली. बाहेरून कुणीतरी मला हाका मारत होतं. मी गेले नाही. रडू नकोस, असंही म्हणाले नाही.