फुंकणीचं पाणी

आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून तिला बेळगावला न्यायचा मी हट्टच धरला होता. जांबोटीजवळच्या आमच्या घरात ती एकटी असते. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी इंची पाइपनं दाराशी येतं, पण तिचा मिरच्या-वांग्यांचा वाफा ओहोळाच्या पलीकडं. घागर घेऊन ओहोळात उतरणं आता तिला झेपत नव्हतं आणि वाफा सोडून यायला ती तयार नव्हती.

शेवटी यंदाच्या उन्हाळ्यात आमचं ठरलं. ओट्यावरून पाणी वाफ्यात पोचलं तर ती राहणार, नाहीतर माझ्याबरोबर दुपारच्या बसनं निघणार. तिनं दोन लुगडी पिशवीत भरूनसुद्धा ठेवली. ती पिशवी बघून माझाच जीव कासावीस झाला, खोटं कशाला बोलू? म्हणून पाणी पोचवायचं काम मीच अंगावर घेतलं.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. वाफ्याला लागलाच तर असू दे म्हणून येताना बेळगावच्या खडेबाजारातून दोन इंची पाइपचा हातभर तुकडा आणला होता. मोठा पाइप, म्हणजे मोठा जोर, इतका सरळ हिशेब! तो जुन्या पाइपाला जोडला आणि आईकडं ऐटीत बघितलं. पाणी मुकाट्यानं माझ्या पायांवर पडलं. आधी निदान ओट्याखाली तरी उडत होतं.

मग मला माझाच वर्ग आठवला. मागून येणारं पाणी तेवढंच. वाट दुप्पट रुंद केली की जागा चौपट होते आणि वेग चौथाईवर येतो. दरवर्षी हे मी फळ्यावर लिहितो. ज्यांना येत नाही त्यांच्यावर डाफरतोही.

आई पदर तोंडाला लावून हसत होती.

"रुंद तोंडानं फुंकल्यावर चूल पेटती व्हय रं? काढ ते!"

ती आत गेली आणि गॅस आल्यापासून कोपऱ्यात पडलेली लोखंडी फुंकणी घेऊन आली. एक तोंड रुंद, दुसरं करंगळीही शिरणार नाही इतकं बारीक. मी माझा तुकडा काढला, फुंकणीचं रुंद तोंड जुन्या पाइपात खुपसलं आणि सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून आवळलं.

पाण्यानं थेट ओहोळ ओलांडला! आईनं फुंकणी हातात घेतली. मिरच्या भिजल्या, वांगी भिजली, मग तिनं मुद्दाम फुंकणी माझ्याकडं वळवली. मी लहान पोरासारखा ओरडत अंगणभर पळालो.

"पोचलं का न्हाय?"

"पोचलं, आई."

हरल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

बसची वेळ झाली तशी तिनं पिशवीतली लुगडी काढून दांडीवर टाकली आणि त्याच पिशवीत माझ्यासाठी वांगी भरली.

"कॉलेजात पोरांस्नी दावायला फुंकणी मागू नगंस," ती म्हणाली, "ती आता लई कामात हाय."