अकरा चपलांची लाईन

शर्वरी हे लिहिणारच नव्हती. तीनदा लिहिलं, तीनदा डिलीट केलं, चौथ्यांदा तर फोन उशीखाली टाकून ती चक्क भांडी घासायला गेली, आणि तिला भांडी घासताना बघून आईने विचारलं, "ताप-बीप आलाय का गं?" ताप नव्हता. पण ज्या बोटांनी हे लिहायचं त्याच बोटांनी तिने एका माणसाचं नाव मातीत घातलं होतं, आणि त्याला वेळ किती लागला? चाळीस सेकंद. तेही टायपिंगसकट.

तो माणूस म्हणजे गजेंद्र शितोळे. गजेंद्रकाका. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांना बघितलंय, फक्त नाव माहीत नाही. "बडोद्याचा तिकीट माफिया" हा व्हिडिओ आठवतो ना? निळा शर्ट, पांढऱ्या मिशा, स्टुलावर बसलेला म्हातारा आणि मागे चपलांची रांग. तेच ते. आणि व्हिडिओ काढणारी शर्वरी.

झालं असं की कोलकात्याची मोठी फुटबॉल टीम बडोद्यात आपल्या टीमशी खेळायला येणार म्हणून जाहीर झालं, आणि "ऑफसाईड बडोदा" नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकशे ऐंशी माणसं वेडी झाली. ऑनलाईन तिकिटं नऊ मिनिटांत संपली. शर्वरीच्या फोनवर ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि मग "सोल्ड आऊट". मग ग्रुपवर जे सुरू झालं ते विचारू नका.

"तीनशेचं तिकीट, वर एकोणपन्नास कन्व्हिनियन्स फी," मयंकने लिहिलं. मयंक ग्रुपचा अॅडमिन, शर्वरीच्याच कॉलेजात, मेकॅनिकलला. "कोनुं, कोणाचं कन्व्हिनियन्स, भाई? माझं तर नाही झालं."

"गरब्याच्या पासला हजार काढतोस तेव्हा नाही दुखत?" मितालीने टोमणा मारला.

"गरबा नऊ दिवस चालतो, ही नव्वद मिनिटं."

"सिमेंटच्या पायरीवर उन्हात बसायचे तीनशे? त्यापेक्षा घरी पंख्याखाली बघीन," आणखी एकाने लिहिलं.

"बघ ने. तुझी सीट मला दे."

"सीटच कुठे आहे, गाढवा!"

"स्वस्त ठेवली तर ब्लॅकवाले उचलतात, महाग ठेवली तर स्टेडियम रिकामं. करायचं काय, सांगा ना," मिताली म्हणाली. मग सगळ्यांनी मिळून ब्लॅकवाल्यांना शिव्या घातल्या, कारण तिथे सगळ्यांचं एकमत होतं. सगळ्यात जास्त शर्वरीने घातल्या. तिची सवयच आहे ती, आधी सेंड, मग विचार.

तेवढ्यात बातमी आली की फतेगंजातल्या एका स्पोर्ट्सच्या दुकानात रविवारी सकाळी नऊ वाजता साठ तिकिटं खिडकीवर मिळणार. माणशी दोन, आधारची झेरॉक्स द्यायची.

संध्याकाळी जेवताना बाबा म्हणाले, "तिकिटाचं मी बघू का काही?"

बाबा म्हणजे दिग्विजय, प्लांटमध्ये ऑपरेटर, रविवारी फर्स्ट शिफ्ट. शर्वरी फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय कळणार त्यातलं? तुम्ही ड्युटीवर असणार. सोडा ना."

बाबांनी सोडलं. म्हणजे शर्वरीला तसं वाटलं.

रविवारी ती साडेसहाला निघाली तेव्हा आई दारातल्या चपलांच्या रॅकपाशी वाकून बडबडत होती. "ह्यांची डावी चप्पल कुठे गेली? उजवी आहे, डावी नाही! खालच्या त्या मेल्या कुत्र्यानेच पळवली असणार. शंभर वेळा सांगितलं, फेका ती चप्पल, निळ्या दोऱ्याने शिवून शिवून वापरतायत..." शर्वरी पुढचं ऐकायला थांबली नाही. घर वासण्याला, तिथून फतेगंजला पोहोचायचं होतं.

पोहोचली तर लाईन लागलेलीच. आणि लाईनीत सगळ्यात पुढे, बंद शटरसमोर, एक म्हातारा घडीच्या स्टुलावर बसलेला, आणि त्याच्या मागे माणसं नाहीतच. चपला. एकामागे एक, अकरा. सगळ्या एकेकट्या, जोडी एकीचीही नाही. प्रत्येक चपलेत आधारचा फोटो वर येईल असा घडी केलेला कागद खोचलेला आणि उडू नये म्हणून वर खडा. चपलांच्या मागे मग खरी माणसं, त्यातली शर्वरी शेवटून कोणीतरी. तिने मोजलं. म्हातारा एक, चपला अकरा, माणसं दहा, म्हणजे ती तेविसावी.

"आ शुं छे?" तिच्या पुढचा मुलगा म्हणाला. "एक माणूस अन् बारा नंबर?"

"चोवीस तिकिटं," शर्वरीने हिशोब केला, आणि तिच्या डोक्यात भडका उडाला. साठातली चोवीस! ती लाईन सोडून पुढे गेली, दुरूनच फोन झूम करून व्हिडिओ काढला, चपला, कागद, कागदावरचे आधारचे फोटो, म्हाताऱ्याचा चेहरा. आणि टाईप केलं, "अकरा फेक आधार, चोवीस तिकिटं, एकटा म्हातारा! हा बघा बडोद्याचा तिकीट माफिया. म्हणून आपल्याला तिकीट मिळत नाही. शेअर करा!!!" सेंड. ग्रुपवरही आणि स्टोरीवरही.

फेक आहेत हे तिला कोणी सांगितलं होतं? कोणीही नाही. तो माणूस दहा पावलांवर बसला होता. दहा पावलं जाऊन "काका, हे काय आहे?" एवढं विचारायचं होतं. तिने नाही विचारलं.

नऊ वाजेपर्यंत व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. शटर उघडलं तेव्हा दुकानदाराच्या हातात फोन होता आणि चेहरा उतरलेला. "काका, विडियो आवी गयो छे. मने लफडुं नथी जोईतुं, नको मला लफडं. तुम्ही साईडला व्हा."

"अरे पण सगळ्यांची आधार आहेत, बघ तर खरं," म्हातारा उठून उभा राहिला. "ड्युटीवर आहेत ती. येतील दुपारी."

मागून कोणीतरी ओरडलं, "ब्लॅक! ब्लॅक!" मग सगळे ओरडायला लागले. शर्वरी पण ओरडली. ओढणी नाकापर्यंत, डोक्यावर कॅप, आणि घसा फाडून.

म्हाताऱ्याने वाद घातला नाही. खाली बसून एकेक चप्पल उचलली, कागद नीट तसाच आत ठेवला, सगळं पिशवीत भरलं. खडेसुद्धा उचलून कडेला ठेवले. स्टूल मिटलं आणि चालायला लागला. आणि लाईन बारा नंबर पुढे सरकली. शर्वरीला दोन तिकिटं मिळाली. तिने तिकिटांना मुका दिला. खोटं कशाला सांगायचं, दिलाच.

दुपारी अडीचला घराची बेल वाजली. शर्वरीने दार उघडलं. दारात निळा शर्ट, पांढऱ्या मिशा, हातात पिशवी. ते इथपर्यंत शोधत आले? पण त्यांनी पिशवीत हात घातला आणि एक चप्पल काढली. डावी. निळ्या दोऱ्याने शिवलेली.

"दिग्याचं घर ना हे? त्याची आहे."

"अगंबाई, गजेंद्रकाका!" आई आतून धावत आली. "या ना, बसा. आणि ही चप्पल तुमच्याकडे होय! मी इथे कुत्र्याला शिव्या घालतेय."

"नववं घर," काका सोफ्याच्या कडेवर टेकत म्हणाले. "अजून दोन राहिलीत. निरुपमा, चहा अर्धाच टाक."

शर्वरी भिंतीला चिकटून उभी होती आणि एकेक गोष्ट तिच्या अंगावर येऊन पडत होती. काका प्लांटच्या फायर सेक्शनमधून रिटायर झालेले. प्लांटच्या टीमचे गोलकीपर, डाव्या हाताची करंगळी अजून वाकडी. बाबा त्या टीमचे सगळ्यात लहान प्लेअर. आणि रिटायर झाल्यापासून काकांचं एकच काम. लाईन धरायची. रेल्वेचं रिझर्व्हेशन, दवाखान्याचा नंबर, शाळेचा फॉर्म, जे असेल ते. शिफ्टवाल्यांना कुठल्याच लाईनीत उभं राहता येत नाही, कारण लाईन लागते तेव्हा ते मशीनसमोर असतात. म्हणून ते पहाटे ड्युटीवर जाताना काकांच्या मागे एक चप्पल ठेवून जातात. काकांचा नियम एकच, चप्पल ज्याची त्याने आपल्या हाताने ठेवायची, दुसऱ्याकडून पाठवलेली चालणार नाही. म्हणजे तो माणूस लाईनीत आला होता, हे खरं असतं. आणि घ्यायचं काय? अर्धा चहा.

"हिच्या बालवाडीच्या फॉर्मला तुम्हीच तर होतात," आई शर्वरीकडे बोट दाखवून म्हणाली. "पहाटे चारपासून. एवढीशी सँडल होती हिची."

"लाल," काका हसले. "बक्कल तुटलेलं. हिने स्वतः ठेवली होती, उचलून घ्यावं लागलं हिला." मग हसू गेलं. "दिग्याला सांग, आज लाईन राखता नाही आली. पहिल्यांदाच झालं असं. पोरीसाठी तिकीट पाहिजे म्हणाला होता, सरप्राईज द्यायचंय म्हणे."

आईने विचारलं काय झालं, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, अगदी दुसऱ्याचं सांगावं तसं. शेवटी म्हणाले, "कोणा पोरीने काढला म्हणतात व्हिडिओ. असू दे. पोरं पण काय करतील? नऊ मिनिटांत संपतात तिकिटं. आम्ही दोन रुपयांत बघायचो मॅच, संपायची भीती नव्हती. चिडणारच ती."

ते तिची बाजू घेत होते. तिच्याच घरात, तिच्यासमोर, तिच्या फ्रीजवर मॅग्नेटखाली ती दोन तिकिटं लावलेली असताना. शर्वरीला वाटलं आत्ता बोलावं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "काका, बिस्कीट देऊ?"

ते गेले, आणखी दोन घरी चपला पोचवायला, एकाहत्तर वर्षांचा माणूस, भर उन्हात स्कूटरवरून.

बाबा आले तेव्हा तिने त्यांना मात्र सगळं सांगितलं. ते ओरडतील म्हणून ती तयार होती. ते ओरडले नाहीत. चप्पल पायात घातली, परत काढली, आणि म्हणाले, "मला कशाला सांगतेस? त्यांना सांग."

व्हिडिओ तिने डिलीट केला, पण तोवर तो हजार फोनमध्ये गेला होता. माफीची स्टोरी टाकली, ती एकोणीस जणांनी बघितली. मयंकने मेसेज केला, "चल ने यार, आता जुनं झालं ते." दोनदा ती खंडेराव मार्केटपर्यंत गेली, काकांची गल्ली बघितली आणि पेरू घेऊन परत आली. घरात पेरूच पेरू झाले.

मॅचच्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा गेली. दार काकूंनी उघडलं, प्रेमलाकाकूंनी. काका पेपर वाचत होते. घडीचं स्टूल दारामागे भिंतीला लावलेलं, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले. शर्वरीने उभ्या उभ्या, एका दमात सांगून टाकलं. आणि तिकिटं पुढे केली.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि भांड्यांचा आवाज करायला लागल्या, मुद्दाम, जोरात.

"तू कितवी होतीस लाईनीत?" काकांनी विचारलं.

"तेविसावी."

त्यांनी पेपरची घडी घातली. "साठ तिकिटं, माणशी दोन. तिसाव्यापर्यंत पुरत होती, बाळा. तुला मिळालीच असती."

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या दिवसांत एकदाही नाही. चोवीसचा हिशोब तिने दोन सेकंदांत केला होता.

"तिकिटं ठेव तुझ्याकडे. माझ्या नंबराची नाहीत ती."

"काका, सॉरी."

"हं," ते म्हणाले. राग नव्हता त्यात, पण माफ केलं असंही नव्हतं. जे होतं ते होतं.

बाहेर पडताना काकू मागून आल्या. "त्या दिवसानंतर दवाखान्यात नंबर लावायला गेले होते," त्या हळू म्हणाल्या. "तिथे एक जण म्हणाला, 'आले ब्लॅकवाले काका.' सगळे हसले. तेव्हापासून कुठल्याच लाईनीत जात नाहीत. मीच म्हटलं, नका जाऊ. आता पूर्वीचे लोक चपला घेऊन येतात ना, त्यांनाही हे परत पाठवतात."

मॅच शर्वरीने नाही बघितली. तिकिटं बाबांच्या प्लांटमधल्या दोघांना दिली, ज्यांच्या चपला त्या दिवशी दुसऱ्या आणि पाचव्या होत्या. म्हणून काही फिटलं नाही.

म्हणून हे. तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी तो व्हिडिओ पुढे पाठवला, हसण्याचे चेहरे टाकले, "असल्यांना आत टाका" लिहिलं, त्या सगळ्यांसाठी. पुढची मॅचही बडोद्यातच आहे, आणि या येत्या रविवारी खिडकी परत उघडणार आहे, त्याच दुकानात. काका जाणार नाहीत म्हणतात. संध्याकाळी पाच ते सहा ते खंडेराव मार्केटच्या बाजूच्या गेटपाशी, फुलवाल्यांच्या समोरच्या चहाच्या टपरीवर असतात. डाव्या हाताची करंगळी वाकडी, ओळखू येतील. शर्वरी रोज जाते, ते तिच्याशी फार बोलत नाहीत, पण एकटीच्या जाण्याने होणार नाही हे. तुम्ही जा. रविवारच्या आत जा. अर्धा चहा पाजा, आणि लाईन धराल का म्हणून विचारा. चप्पल आपली आपण घेऊन जा, दुसऱ्याकडे पाठवू नका.