भाचीचे पाय

आमगावच्या बस स्टँडमागं उमेंद्र कटरेचं मोटार बांधायचं दुकान आहे. शेतातल्या जळालेल्या मोटारी तिथं येतात, उमेंद्र त्यांच्या तारा उसवून नव्या भरतो. कामाला पक्का माणूस, पण डोकं भलतंच तापट. गिऱ्हाइकावर चिडतो, मग स्वतःच चहा मागवतो.

या माणसाकडं दीड वर्षापासून आणखी एक काम आलं होतं. त्याची बहीण भूमेश्वरी नवऱ्यापासून, दुर्गेशपासून, वेगळी होऊन आमगावात खोली घेऊन राहते, शिवणकाम करते. सात वर्षांची मुलगी आचल तिच्याकडं. वेगळं झाल्यावर दुर्गेशच्या घरच्यांनी एकदा पोरीला अकरा दिवस परत पाठवलं नव्हतं. ते अकरा दिवस भूमेश्वरीच्या अंगात अजून आहेत. शेवटी कोर्टानं ठरवून दिलं: दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहाला दुर्गेशनं आमगाव स्टेशनवरून पोरगी न्यायची, रविवारी संध्याकाळी पाचला तिथंच आणून द्यायची. नवराबायको एकमेकांचं तोंड बघायला तयार नव्हते, म्हणून ने-आण उमेंद्रच्या गळ्यात पडली.

त्यांच्या पोवार समाजात मामा भाचीच्या पाया पडतो, भाचीनं मामाच्या पडायचं नसतं. उमेंद्र तर दुकानासाठी नवं यंत्र आणायचं झालं तरी आधी आचलच्या पाया पडून यायचा. प्लॅटफॉर्मवरही गाडी आली की तो वाकायचा. आचल सवयीनं चप्पल काढून पाय पुढं करायची, मग बापाचं बोट धरून डब्यात चढायची.

गेल्या महिन्यात एका रविवारी पाच वाजून गेले तरी गाडी नाही. उमेंद्रनं खिडकीवर विचारलं. मालगाड्यांसाठी ती गोंदियाच्या पुढं थांबवून ठेवली होती. दुर्गेशचा फोन लागत नव्हता. तेवढ्यात भूमेश्वरीचा फोन आला. उमेंद्रचं डोकं आधीच फिरलेलं, त्यात दुर्गेशवरचा जुना राग. "नाही आणली त्यानं पोरगी," एवढंच बोलला आणि फोन ठेवला. गाडीचं सांगितलंच नाही.

साडेसातला गाडी आली. आचल बापाच्या खांद्यावर झोपली होती, पायात चप्पल नव्हती. दुर्गेशनं तिला उमेंद्रच्या हातात दिलं आणि उलट्या गाडीनं गेला. तोवर इकडं भूमेश्वरीनं वकिलाला फोन केला होता. उमेंद्रनं रात्री तिला गाडीचं सांगितलं, पण ती म्हणाली, "पाचचे साडेसात वाजले का नाही? मंग?"

शपथपत्र तयार झालं. बापानं मुलीला मुद्दाम अडीच तास अडकवून ठेवलं, म्हणून भेटी बंद कराव्यात, असं त्यात होतं. ने-आण करणारा म्हणून सही उमेंद्रची हवी होती.

कोर्टाच्या दिवशी बहिणीला घ्यायला तो सकाळीच खोलीवर गेला. आचल पोहे खात होती. तो वाकला तशी तिनं बसल्या जागी पाय पुढं केले.

"मामा, कोठी जाऊन राहिला?"

"कोर्टात. तुहा बाबाबी येईल तेथी."

"मंग बाबाले सांगजो, माही चप्पल डब्यात सीटखाली राह्यली. मी झोपली होती ना, गाडी लय वेळ उभी होती."

गोंदियात वकिलानं कागद पुढं केला. उमेंद्रनं दोनदा वाचला.

"यात गाडी लेट होती ते नाही लिहिलं."

"त्याची गरज नाही," वकील म्हणाले.

"मंग माही सहीबी नाही."

कोर्टाच्या आवारात भूमेश्वरी लोकांदेखत कडाडली. "तू माहा भाऊ आहेस का त्याचा वकील? ते अकरा दिवस मी कसे काढले, पाह्यले ना तू?"

"पाह्यले बाई. पण आज मी पोरीच्या पाया पडून निघालो. तिच्याच बापावर खोटं कसं लिहू? त्या दिवशी फोनवर अर्धं बोललो, ती चूक माहीच."

"एवढा धर्मराज असशील तर आजपासून तिच्या पायाले हात लावू नोको. मी नेऊन देईन तिले."

सहीअभावी अर्ज बारगळला, भेटी चालूच राहिल्या. पण बहिणीचं बोलणं उमेंद्रला फार लागलं. त्या आठवड्यात त्याचं कामात लक्ष लागेना. बांधलेल्या दोन मोटारी पुन्हा उसवाव्या लागल्या.

चौथ्या शनिवारी मात्र त्याला राहवलं नाही. तो स्टेशनवर जाऊन नळापाशी उभा राहिला. भूमेश्वरी आचलला घट्ट धरून आली. दुर्गेश आधीच्या गाडीनं येऊन थांबला होता. कोर्टाबाहेर ती दोघं दीड वर्षात पहिल्यांदाच समोरासमोर आली. भूमेश्वरीनं पिशवी पुढं केली. "खोकला आहे तिले. दवाई आतमंदी आहे." दुर्गेशनं मान हलवून पिशवी घेतली.

परतीची गाडी लागली होती, सुटायला वेळ नव्हता. आचलला नळापाशी मामा दिसला. आईचा हात तिनं सोडला नाही. उभ्या उभ्या नव्या चपलेतून एक पाय काढला आणि मामाच्या दिशेनं पुढं करून ती थांबली.

भूमेश्वरीनं त्या पायाकडं पाहिलं, मग भावाकडं.

"ये लवकर," ती म्हणाली, "गाडी सुटते."