झोळीतला गूळ

डमडमला राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात मी गुळपोळीपायी रडकुंडीला आले होते. बँकेने माझी बदली पुण्याहून थेट कोलकात्याला केली, आणि इथे थंडीत मिळतो तो खजुराच्या रसाचा गूळ. वास असा की रस्त्याने जाताना पाय थांबतात. पण पोळीत भरला की तव्यावर वितळून पाझरायचा, करपायचा आणि घरभर धूर करायचा. दोन वर्षं मी फुटक्या पोळ्या खाल्ल्या आणि नवऱ्यालाही खायला लावल्या.

तिसऱ्या वर्षी दुकानदाराने विचारलं, "झोला नेबेन, ना पाटाली?" म्हणजे दोन्हींतला कुठला घेणार. पाटाली म्हणजे ढेप, एवढं मला ठाऊक होतं. झोला म्हणजे झोळीत टांगून निथळवलेला, असं मी माझ्या मराठी डोक्याने ठरवलं आणि ऐटीत झोला मागितला. त्याने डब्याच्या तळाशी उरलेला, दाणे धरलेला, ओघळणारा गूळ बरणीत भरून दिला. घरी आल्यावर पाहिलं तर हा अजून निथळायचाच होता. टांगायचं काम गिऱ्हाइकाने करायचं असेल, अशी मी समजूत करून घेतली. श्रीखंडासाठी दही बांधतो तसा तो पंच्यात बांधला, ओट्यावरच्या कडीला लटकवला आणि खाली पातेलं ठेवलं.

दोन दिवस ठिबकत होता. तिसऱ्या दिवशी गाठ सोडली तर आत रवाळ, कोरडा गूळ. त्यात भाजलेलं बेसन, तीळ, खसखस मळून पोळ्या लाटल्या. एकही फुटली नाही. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले होते, हे सांगायला आता लाज वाटते.

आमच्या वरच्या मजल्यावर वहिनी राहायच्या. नात्याने नव्हे, मीच त्यांना वहिनी म्हणायची. मराठीच, पण चार पिढ्या कोलकात्यात गेलेल्या, शाळेतून शिकवून निवृत्त झालेल्या. बंगाली पाण्यासारखं आणि मराठी अडखळत. "मी भाजी आणला" म्हणायच्या आणि मी चिडवायची, "वहिनी, तुम्ही कसल्या मराठी, तुमच्या घरात एक तरी मराठी पदार्थ शिजतो का?" त्या हसायच्या. ऑफिसातून आले की माझा चहा त्यांच्याकडेच व्हायचा. या शहरात मला मैत्रीण अशी त्या एकट्याच होत्या.

पहिली पोळी अर्थातच वर गेली. गुळाची हकिकत ऐकून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं वेडी, झोला म्हणजे पातळ. झोल म्हणजे रस्सा, त्यातला झोला. टांगायला कुणी सांगितला तुला?" मीही हसले. मग पोळीचा दुसरा तुकडा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "मला शिकव."

शिकवलं. हातचं काही राखलं नाही. गूळ किती निथळला की सोडायचा, सारण आणि कणीक सारखीच मऊ कशी ठेवायची, कडेपर्यंत सारण जाण्यासाठी लाटण्याचा जोर कुठे द्यायचा. त्यांचा हात मुळात चांगला, चार दिवसांत बसला. मला कौतुक वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे यंदा, ऑफिसात माझ्या बदलीची कुणकुण लागली. नागपूर. कागद हातात आला नव्हता म्हणून मी कुठे बोलले नाही, पण एका संध्याकाळी चहा घेताना वहिनींना सांगितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

संक्रांतीचं हळदीकुंकू सॉल्ट लेकमध्ये एकीच्या घरी होतं. वीसेक मराठी बायका. वहिनी गुळपोळ्यांचा मोठा डबा घेऊन आल्या होत्या. मला वाटलं, आज माझी गंमत सगळ्यांना सांगणार, आणि मी आधीच लाजून बसले. कुणीतरी विचारलं, "या गुळाची पोळी फुटली कशी नाही हो?"

वहिनी म्हणाल्या, "आमच्या पणजीची रीत आहे. गूळ झोळीत टांगायचा. बंगाली लोक झोला वेगळ्या अर्थाने म्हणतात, पण आमच्या घरी पहिल्यापासून झोळीवरून झोला."

माझ्या कानशिलांत रक्त चढलं. नुसती पोळी चोरली असती तर एक वेळ सोडून दिलं असतं. हिने माझी चूकसुद्धा नेली, जिच्यावर ती स्वतः पोट धरून हसली होती. आणि बायका माना डोलवत होत्या. माझ्या शेजारची तर मला म्हणाली, "तुम्ही एकाच इमारतीत राहता ना? शिकून घ्या त्यांच्याकडून." मी "हो, घेते" म्हणाले. एवढ्या बायकांत दुसरं काय बोलणार होते? ताटलीतली पोळी खाल्ली. माझ्याहून खुसखुशीत झाली होती, याचा आणखी राग आला.

सगळ्या वाणाच्या पिशव्या चाचपण्यात गुंतल्या तेव्हा मी आत गेले. वहिनी यजमानिणीच्या ओट्यापाशी उरलेल्या पोळ्यांवर तूप लावत होत्या. मी विचारलं, "वहिनी, पणजी कुठून आली?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "काय सांगू मी ह्यांना, आमच्या घरचा म्हणून? आमच्या घरी संक्रांतीला बंगाल्यांसारखा पाटिसापटाच व्हायचा. तूच विचारायचीस ना, तुमच्या घरी मराठी काय शिजतो?"

"मग मला मागायचं होतं. मी स्वतः सांगितलं असतं तुमचं म्हणून."

"मागून आपला होतो काय?" त्यांनी शेवटच्या पोळीवर तूप फिरवलं आणि डबा बंद केला. "आणि तुला काय फरक पडतो? तू तर जाणारच आहेस."

बदलीचं मी तोवर आईलाही कळवलं नव्हतं. नवऱ्याखेरीज फक्त हिलाच सांगितलं होतं, कारण हे शहर सोडताना मला वाईट वाटणार होतं ते एकट्या हिच्यासाठी.