बेडूक पाण्यात पडला

नवऱ्याची बदली चंदीगडला झाली आणि मला इथल्या शाळेत सहावीचं गणित मिळालं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, हे मी ताठ मानेने सांगायचे.

यंदा मुख्याध्यापिकांनी फर्मान काढलं : अपूर्णांक व्हिडिओ गेमवर शिकवून बघा. गेम ठेवायचा की नाही, ते शिक्षकांनीच ठरवा.

शेजारच्या वर्गाचे विज्ञानाचे सर स्टाफरूममध्ये भडकले. "मॅडमजी, घर में हम फोन छीनते हैं, यहाँ खुद पकड़ाएँ?"

मी म्हटलं, "सरजी, मैं एक पीरियड लूँगी और 'ना' लिख दूँगी."

गेम साधा. बेडकाने मोठा अपूर्णांक असलेल्या पानावर उडी मारायची, चुकला की पाण्यात. मी नेहमीच्या शिस्तीत घेतला. हजेरीच्या क्रमाने एकेकाने स्क्रीनपाशी यायचं, बाकीच्यांनी तोंडावर बोट.

पहिल्या नंबरची मुलगी जागेवरच उभी राहिली. "मॅम, गलत हुआ तो मार्क्स कटेंगे?"

"और क्या!"

ती खाली बसली. दुसरा उठेना, तिसरी उठेना. घरी मोबाइलसाठी जेवण सोडणारी ही पोरं समोर गेम असून दगडासारखी बसलेली. हीच ती शांतता, जिचा मला अभिमान होता. मला वाटायचं, पोरांना समजतंय. पोरं घाबरलेली होती!

काही न सुचून मीच खेळायला लागले. उत्तर येत होतं, पण बोट उशिरा हललं. डुबुक!

"मॅम, आप भी गिर गए?" पहिल्या नंबरची ओरडली. तिला झालेला आनंद बघून मी चाटच पडले. मग वर्गच उसळला.

"मॅम, जल्दी!"

"अरे, उधर नहीं! थ्री बाय फाइव तो टू बाय थ्री से छोटा है!" हे सांगणारीही तीच, जिने अपूर्णांकांच्या तासाला आजवर तोंड उघडलं नव्हतं.

सर धावत दाराशी आले. "मॅडमजी, सब ठीक? आपकी क्लास से आवाज?"

"पढ़ाई चल रही है जी," मी म्हटलं आणि परत पाण्यात पडले.

सुट्टीत मुख्याध्यापिकांनी विचारलं, "तो आपकी ना है?"

"गेम रखिए, मॅम. बस, उस पर मार्क्स मत रखिए."

"ये आप कह रही हैं?"

माझा माझ्याच कानांवर विश्वास बसत नव्हता, त्यांचा कुठून बसणार!